मदत हवी आहे: आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्यात एलएलएम, नेदरलँड्समधलं लायडन विद्यापीठ की ॲमस्टरडॅम?

बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुण्यात. तीन प्रश्न: दोन्हींपैकी कुठे अर्ज करू? हेतुपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) काय लिहू? हेगच्या न्यायालयात भारतीयाला इंटर्नशिप मिळते का?

कलम_पंचवीस: हेतुपत्रापासून सुरू करतो, कारण अर्ज तिथेच कच्चे पडतात. कुलभूषण जाधव खटल्याचं उदाहरण देऊ नका. तो आयसीजेचा (आंतरराष्ट्रीय न्यायालय), दोन देशांमधला, व्हिएन्ना वाणिज्यदूत कराराच्या कलम 36 वरचा. आयसीसी (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय) व्यक्तींवर खटले चालवतं, रोम संविधीखाली, म्हणजे ज्या कराराने ते स्थापन झालं त्याखाली. शहर एक, न्यायालयं दोन. ‘मानवतेसाठी काम करायचंय’ हे सगळेच लिहितात. त्यापेक्षा एकच कायदेशीर प्रश्न घ्या. उदा. रोम संविधीचं कलम 28, हाताखालच्या सैन्याच्या गुन्ह्यांबद्दल सेनाधिकाऱ्याची जबाबदारी. काँगोचा नेता ज्याँ-पिएर बेम्बा याला आयसीसीने 2016 मध्ये याच कलमाखाली दोषी ठरवलं, 2018 मध्ये अपिलात सुटका. दूरदेशी असलेल्या सैन्याला आवरायला त्याने ‘आवश्यक आणि वाजवी’ उपाय केले होते का, यावर अपील न्यायाधीशांतच 3 विरुद्ध 2 अशी फूट पडली. दोन्ही बाजू वाचा, आपली बाजू एका परिच्छेदात मांडा. निकालपत्रं आयसीसीच्या लीगल टूल्स डेटाबेसवर फुकट आहेत.

हेगवासी: ॲमस्टरडॅमच्या अभ्यासक्रमात प्रत्यार्पण, भ्रष्टाचार असे सीमापार गुन्हेही येतात. परत येऊन वकिली करणार असाल तर माझं मत तिकडे. लायडनमध्ये पाया सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायद्याचा; संशोधनाकडे ओढा असेल तर ते बरं. इंटर्नशिप: भारत रोम संविधीचा सदस्य नाही आणि प्राधान्य सदस्य देशांच्या नागरिकांना. दार बंद नाही, पण बहुतेक जागा बिनपगारी, तेव्हा हेगमधला खर्च आधीच धरा. फ्रेंच येत असेल तर पारडं जड होतं. आयसीसीवरच अडून राहू नका. हेगमध्येच कोसोवो विशेष न्यायालय आणि युगोस्लाव्हिया-रवांडा खटल्यांचं उर्वरित काम पाहणारी यंत्रणाही आहे.

प्रश्नकर्ती: आभार! कागदपत्रांचं काय?

हेगवासी: पदवीच्या मागे सगळे धावतात, अडतं जन्मदाखल्यावर. तिथल्या नगरपालिकेत नोंदणीला तो इंग्रजीत आणि ॲपोस्टील (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचं सरकारी प्रमाणन) केलेला लागतो. जुन्या दाखल्यांवर बाळाच्या नावाची जागा कोरीच असते. आधी महापालिकेतून नाव चढवून घ्या, मग राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं ॲपोस्टील. क्रम चुकला तर सगळं पुन्हा. आणि खोली प्रवेश मिळाल्या दिवसापासून शोधा, तिथे टंचाई भयंकर आहे. खोली प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणालाही डिपॉझिट पाठवू नका.