क्लबच्या लिलावात दुकानदारांच्या पिशव्या कशाला?

शेवाळखाऊ: आपल्या मासे पाळणाऱ्यांच्या क्लबच्या समितीचं लिलावाबद्दलचं निवेदन वाचलं आणि राहवलं नाही. यंदा दुकानदारांना हॉलमध्ये टेबलं द्यायची, त्याचं भाडं घ्यायचं, वर 'सहकार्य' म्हणून लिलावातही माशांच्या हव्या तेवढ्या पिशव्या ठेवू द्यायच्या. टेबलांना माझी हरकत नाही. पिशव्यांना आहे.

ब्रिसलनोज प्लेको माशाची एक जोडी जमली की वर्षभर पिल्लं कुठे ठेवायची हा प्रश्न पडतो. लिलाव त्यासाठी आहे, एका सभासदाच्या टाकीतून दुसऱ्याच्या टाकीत. आता हिशेब बघा. चारशे पिशव्या, तासाला ऐंशी पुकारल्या तरी पाच तास. त्यात दुकानदाराच्या शंभर पिशव्या निऑन टेट्रा या दुकानात सहज मिळणाऱ्या माशाच्या असल्या तर सव्वा तास तिथेच गेला. शेवटी किली आणि गुडीड हे क्वचित दिसणारे मासे पुकारले जातात तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, पाकिटंही रिकामी. शिवाय सकाळपासून टेबलावर भाव लिहिलेला असेल, तर त्याच माशाला दुपारी त्याहून वरची बोली कोण लावेल?

टकीला स्प्लिटफिन हा गुडीड निसर्गातून संपला होता. तो टिकला टाक्यांमध्ये, आणि तिथूनच मेक्सिकोतल्या तेउचित्लान नदीत पुन्हा सोडला गेला. असे मासे सांभाळणाऱ्याला लिलावात मान मिळाला नाही, तर तो पुढच्या वर्षी टाकी मोडतो.

स्पंजफिल्टर: तळमळ समजते, पण हॉलचं भाडं तळमळीने भरता येत नाही. लिलावाचं काम मी बघितलंय. सोडतीतले हीटर, फिल्टर, खाद्य दुकानदारच देतात. नवी माणसं त्यांच्याच गिऱ्हाइकांतून येतात. नवख्याला तुमचा गुडीड नको असतो, निऑनच हवे असतात. तो निऑनसाठी आला तरच कधीतरी गुडीडपाशी थांबेल.

लालकिडा: पैशांचं बोलताय, रोगांचं कोण बोलणार? दुकानातून आणलेल्या गप्पींमुळे माझ्या टाकीत कॅमॅलॅनस हा माशांच्या आतड्यात राहणारा लाल किडा शिरला. शेपटीखाली लाल धागे लोंबताना दिसले तोवर सगळी टाकी बाधित झाली होती. प्राझीक्वान्टेल या जंतांच्या औषधाने त्याला काही होत नाही, त्याच्यावर चालणारं लेव्हामिसोल मिळवण्यात दिवस गेले आणि वाढवलेला अख्खा वाण गेला. आयात माल चार आठवडे वेगळा ठेवला नसेल तर तो लिलावात येताच कामा नये.

स्पंजफिल्टर: माझ्याकडे तोच किडा एका जुन्या सभासदाच्या पिशवीतून आला. घरचा मासा म्हणजे निरोगी मासा, हे कोणी ठरवलं? नियम करायचाच तर सगळ्यांना करा.

किलीवेडा: खरा घोळ पिशव्यांचा आहे. दुकानदार निदान ऑक्सिजन भरून आणतात. आपले सभासद पिशवी पाण्याने काठोकाठ भरतात, हवेला जागाच नाही. एक भाग पाणी, दोन भाग हवा, आदल्या दिवशी उपास, काटेरी माशांना दुहेरी पिशवी, हे दरवर्षी सांगावं लागतं. त्यात घरी नेऊन लोक पिशवीतल्या पाण्यात तासभर टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत बसतात आणि मासा मेला की विकणाऱ्याला दोष देतात.

मंदथेंब: थेंबथेंब पद्धतीत काय वाईट आहे? मी कायम तसंच करतो.

किलीवेडा: दिवसभर बांधलेल्या पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच उतरतो, त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया बराचसा अमोनियम रूपात राहतो आणि फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की वायू निघून जातो आणि पीएच चढतो. २५ अंशांना पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी अमोनियाचं प्रमाण साधारण दहापट होतं. तुम्ही माशाला नेमकं त्याच पाण्यात तासभर ठेवता. तापमान जुळवा, मासा जाळीने उचला, टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी फेका.

मंदथेंब: आणि मऊ पाण्यातला मासा थेट कठीण पाण्यात टाकू? तुमच्या सांगण्यावरून कोळंबी तशी सोडली तर दुसऱ्या दिवशी मेलेली दिसेल. मी इतकी वर्षं मासे वाढवतोय ते पुस्तकातले आकडे वाचून नाही.

किलीवेडा: आकडे पुस्तकात आले ते मासे मेल्यावरच. आवाज चढवल्याने रसायनं बदलत नाहीत.

मंदथेंब: आवाज तुम्ही चढवलात. बरं, माशांपुरतं मानतो, तेही पिशवी खूप तास बंद असेल तरच. कोळंबीबद्दल एक अक्षर मागे घेणार नाही.

किलीवेडा: कोळंबीचं मी बोललोच नव्हतो. तिला थेंबथेंब द्या, फक्त अमोनिया बांधणारं कंडिशनर आधी घाला.

दुकानवाली: दोघांचं झालं असेल तर मूळ मुद्द्यावर येऊ? मी दुकान चालवते आणि क्लबची सभासदही आहे. माझ्या एंजल माशांच्या दोन जोड्या घरच्याच आहेत, पिल्लं मी स्वतः आर्टेमिया या बारीक जिवंत खाद्यावर वाढवते. दुकान आहे म्हणून ती पिल्लं लिलावात चालणार नाहीत? सोडतीसाठी सामान मागताना मात्र सगळ्यांना माझा नंबर आठवतो. टेबलाचं भाडं देते, दिवसभर दुकान बंद ठेवून येते, आणि वर 'धंदेवाईक' ऐकायचं? राग येतो.

शेवाळखाऊ: ताई, तुमच्या एंजलना माझा विरोध नाही. विरोध आहे तो कालच्या खोक्यातून आलेल्या माशांना. स्वतः वाढवलेलं असेल तर दुकानदारालाही सभासदाइतक्याच पिशव्या, एका जातीच्या जास्तीत जास्त चार. आयात मासे टेबलावर, तेही लिलाव सुरू झाला की विक्री बंद.

स्पंजफिल्टर: लिलाव सुरू झाल्यावर विक्री बंद, तर मग टेबलाचं भाडं कोण देईल? दर तासाच्या सुट्टीत विकू द्या.

शेवाळखाऊ: सुट्टीत चालेल. नाइलाजाने म्हणतोय.

दुकानवाली: सुट्टी अर्ध्या तासाची असेल तर टेबल घेते, दहा मिनिटांची असेल तर नाही. आणि चार पिशव्यांची मर्यादा जुन्या सभासदांनाही लावा. गेल्या वेळी एकाच घरातून प्लेकोंनी भरलेलं अख्खं टेबल आलं होतं, ते कोणाला दिसलं नाही.

शेवाळखाऊ: ते घर माझं नव्हतं. मर्यादा सगळ्यांना लावा, सभेत मी हात वर करतो. निऑनच्या विरोधात मात्र मतदान करणारच.