भावना उमटते तेव्हाच ती लक्षात यावी, यासाठी काय सराव करावा?

सांजवेळ:
रोज सकाळी वीस मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसतो. तेवढा वेळ मन ठीक असतं. पण दिवसभरात राग येऊन, बोलून मोकळं झाल्यावर कळतं की राग आला होता. रात्री डायरी लिहिली की नुसतं पोस्टमॉर्टेम होतं. त्या क्षणीच भान यावं यासाठी नेमकं काय करायचं?

औदुंबर_७:
सकाळची बैठक चालू ठेवा, पण ती दिवसभर आपोआप पुरत नाही. दिवसात छोटे थांबे पेरावे लागतात. ठरलेल्या कामांनाच ते बांधा: फोन उचलण्याआधी, जेवायला बसताना, घराचं कुलूप उघडताना. प्रत्येक थांबा अर्ध्या मिनिटाचा, डोळे उघडेच. जबडा, घसा, छाती, पोट, तळहात या क्रमाने लक्ष फिरवायचं आणि तीनच गोष्टी बघायच्या: कुठे जाणवतंय, कसं आहे (घट्ट, गरम, जड, थरथरतं), वाढतंय की ओसरतंय.

शरीरापासून सुरुवात अशासाठी, की 'मी चिडलोय' हा विचार येईपर्यंत बहुतेक वेळा जबडा आवळलेला असतो आणि श्वास छातीत वर चढलेला असतो. विचारावर पाळत ठेवली तर उशीरच होतो.

सराव किरकोळ भावनांवर करा. रिक्षा मिळाली नाही, लिंक उघडेना, कुणी मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. थेट सासू-सुनेच्या किंवा साहेबाच्या भांडणात हे जमवायला गेलात तर पहिल्याच दिवशी सोडून द्याल.

सगळ्यात जास्त घोळ 'का' या प्रश्नाने होतो. 'मला राग का आला?' विचारलं की मन लगेच समोरच्यावर खटला भरतं आणि छातीतली जाणीव हातची जाते. 'का' रात्रीच्या डायरीसाठी ठेवा.

मृण्मयी:
त्यात नाव देणंही जोडा, एका शब्दात आणि मनातल्या मनात. 'मी रागावलोय' असं नाही, 'राग आहे' एवढंच. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने 2007 मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं होतं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची (मेंदूतला धोका-भीतीला प्रतिसाद देणारा भाग) प्रतिक्रिया कमी होते. मात्र शब्द नेमका हवा. सगळ्याला 'टेन्शन' म्हणून चालत नाही. वैताग, धास्ती, रुखरुख, हिरमोड, असूया, लाज, घालमेल: प्रत्येकाची मागणी वेगळी असते. रुखरुखीला एक फोन करून माफी मागणं पुरतं, धास्तीला नाही. नाव सापडेना तर दहा सेकंदांत सोडा आणि जाणिवेकडे परत या. शब्द शोधत बसणं हाही पुन्हा विचारच.

धम्मपथिक:
एक खुलासा. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहिले तीन दिवस आनापान (येत्या-जात्या श्वासावर लक्ष) असतं, चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. तिथे असं नाव देत नाहीत, फक्त संवेदना बघतात. नाव देत जाण्याची पद्धत ब्रह्मदेशातले भिक्खू महासी सयाडो यांच्या परंपरेतली. दोन्ही चांगल्या, पण शिबिरात असताना सरमिसळ नको.

मूळ कल्पना मात्र तुमच्या प्रश्नाचीच आहे. पालीत 'वेदनापच्चया तण्हा' म्हणतात: आधी वेदना, तिच्यापोटी तृष्णा. इथे वेदना म्हणजे सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेली जाणीव. ती कळली तर 'हे हवं', 'हे नको' अशी ओढ सुरू होण्याआधी थोडी जागा मिळते. आणि जाणीव घालवण्यासाठी बघू नका. 'बघतोय, आता जा' हा दडपण्याचाच प्रकार, त्याने ती जास्त चिवट होते.

सांजवेळ:
आज दोनदा करून बघितलं. छातीत-पोटात काहीच कळत नाही. सगळं कोरं.

औदुंबर_७:
'कोरं' हीही नोंदच आहे, तीच धरा. सुन्न वाटतंय की शांत, एवढं बघा: सुन्नपणात सहसा श्वास उथळ आणि खांदे वर असतात. तळहात आणि ओठांपासून सुरू करा, तिथे जाणीव लवकर सापडते. काही दिवस तेवढंच.

मृण्मयी:
आणि लक्ष आत नेल्यावर धडधड वाढली, जुने प्रसंग अंगावर आले तर नेटाने बसू नका. डोळे उघडा, पाय जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. हे वारंवार होत असेल तर एकट्याने न करता समुपदेशकाबरोबर करा. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर (14416) मराठीतही बोलता येतं, फोन मोफत आहे.