सॅन फ्रान्सिस्कोत टेकडीवर फुकट घसरता येतं, मग प्लेलँडचं रडगाणं कशाला?

आजोबा_बे_एरिया: परवा नातवाला घेऊन सेवर्ड स्ट्रीटच्या घसरगुंडीवर गेलो. उतारावरच ओतलेल्या सिमेंटच्या दोन पन्हळी, १९७३ च्या, डिझाइन एका १४ वर्षांच्या मुलीचं. बुडाखाली पुठ्ठा घ्यायचा, बसायचं, सुटायचं. सोबत लहान मूल नसेल तर मोठ्यांना प्रवेश नाही अशी पाटी आहे, त्यामुळे नातू म्हणजे माझा पास! आदल्याच वर्षी, १९७२ ला ओशन बीचवरचं प्लेलँड हे करमणूक पार्क पाडलं, त्याच्या नावाने लोक अजून गळे काढतात. मी म्हणतो गेलं ते बरं झालं, एवढे चढउतार असलेल्या गावात घसरायला तिकीट कशाला?

कोथरूडकर_सनीवेल: काका, साफ चूक. ओशन बीचला जुलैतही स्वेटर लागतो, आणि प्लेलँडच्या फनहाऊसमधली ती उंच लाकडी घसरगुंडी छपराखाली होती, गोणपाटावर बसून लोक खाली यायचे, धुकं असो वारा असो काही फरक नाही. तुमच्या सेवर्डला पाऊस पडला की खेळ खल्लास. पार्किंगचं तर बोलूच नका.

जत्रावाली: फुकट उतार असूनही लोक पैसे मोजतातच हो. हेट स्ट्रीटवर १८९५ मध्ये 'शूट द शूट्स' आलं, म्हणजे चक्क टेकड्यांच्या गावात लाकडी उतार बांधला आणि त्यावरून होडी धाडकन तळ्यात सोडायचे. लोकांना घसरण नको असते, किंचाळायला चारचौघं हवी असतात. आमच्याकडे जत्रेत पाळण्याला रांग का लागते मग?

आजोबा_बे_एरिया: ताई, किंचाळणं सेवर्डलाही भरपूर आहे, माझंच होतं. पण एक बघा, प्लेलँड गेलं आणि तिथे राहायच्या इमारती आल्या. सेवर्डला उलटं, तिथे इमारती येणार होत्या, शेजारचे लोक आडवे गेले म्हणून पार्क झाला.

पुठ्ठेवाला: आणि त्याच शेजाऱ्यांना आता फाटके पुठ्ठे उचलावे लागत असतील, तेही लिहा की.

कोथरूडकर_सनीवेल: प्लेलँड सगळं मेलेलं नाहीये काका. तिथलं १९०६ चं लूफ कॅरोसेल, म्हणजे घोड्यांचं चक्र, येरबा बुएना बागेत फिरतंय, आणि ती खदाखदा हसणारी यांत्रिक बाहुली लाफिंग सॅल फिशरमन्स वार्फवर म्युझे मेकॅनिक या जुन्या नाण्यावरच्या खेळांच्या संग्रहालयात आहे. नाणं टाका, नातू रडला नाही तर पार्किंगचे पैसे माझे.

आजोबा_बे_एरिया: आधी पँट शिवून घेतो. पुठ्ठा मध्येच निसटला होता.