पॅकेज जुनं दिसलं की लगेच फ्लॅग करावं का?

रानवाट:
आर्च लिनक्स या संगणक प्रणालीत प्रत्येक पॅकेजच्या, म्हणजे बसवायला तयार करून ठेवलेल्या सॉफ्टवेअरच्या, पानावर ते जुनं झाल्याचं कळवायची, म्हणजे फ्लॅग करायची, सोय आहे. मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली आणि आर्चमध्ये जुनीच असेल, तर दोन ओळी लिहून पाठवायचं. सांभाळणाऱ्याला ते कळतं, पानावर तारीख लाल अक्षरांत दिसते. माझं मत स्पष्ट आहे: दिसलं की कळवावं. ही मंडळी आपापल्या फावल्या वेळात हे काम करतात आणि काहींच्या गळ्यात शेकडो पॅकेजं आहेत. सगळीकडे त्यांचं लक्ष कसं राहणार?

गाळीव:
मला हे पटत नाही. नव्या आवृत्तीची चाहूल लागावी म्हणून त्यांच्याकडे एनव्हीचेकरसारखी, नव्या आवृत्त्या आपोआप तपासणारी साधनं आहेत. बहुतेक वेळा त्यांना तुमच्या आधीच कळलेलं असतं. पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१२ आवृत्ती घ्या: ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, आर्चमध्ये पोचली एप्रिल २०२४ मध्ये. कुणी झोपलं होतं म्हणून नव्हे. पायथनची प्रत्येक लायब्ररी, म्हणजे जोडीला बसवायचा तयार कोड, ३.११ च्या फोल्डरमध्ये बसलेली असते, त्यामुळे आवृत्ती बदलली की अशा लायब्ररींची सगळी पॅकेजं नव्याने बांधावी लागतात, आणि ज्यांच्या चाचण्या फसतात ती एकेक करून सोडवावी लागतात. अशा वेळी "नवं आलंय" म्हणून कळवणाऱ्याने त्या माणसाला नवीन काय सांगितलं? शिवाय बीटा, म्हणजे अजून चाचणीत असलेली, आवृत्ती बघून फ्लॅग करणारेही आहेतच.

सावधान_पुणे:
गाळीव यांच्याशी सहमत, आणि माझा आक्षेप त्याहून गंभीर आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, लपवलेलं सापडलं. त्याच्या काही दिवस आधी डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीकडे "५.६.१ घ्या" अशी रीतसर मागणी आली होती. दिसायला अगदी साधी, नवी आवृत्ती आल्याची नोंद! अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुरून दुसऱ्या संगणकात शिरायला, अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावावासा वाटला, म्हणून हे २९ मार्चला उघड झालं. डेबियनची स्थिर शाखा, जिथे आवृत्त्या सहसा बदलत नाहीत, ती वाचली, कारण तिथे जुनीच आवृत्ती होती. नवं आहे एवढ्यावरून कुणाच्याही मागे तगादा लावू नये.

रानवाट:
तगादा फ्लॅगने लावताच येत नाही. एकदा फ्लॅग झालं की दुसऱ्याला पुन्हा करता येत नाही. तगादा लावतात ते मेल करणारे, त्यांना माझाही विरोध आहे.

आणि डेबियनचं उदाहरण आर्चला लागू पडत नाही. डेबियनच्या स्थिर शाखेत सुरक्षेची दुरुस्ती जुन्याच आवृत्तीत बसवतात. आकडा जुना दिसला तरी भोक बुजलेलं असू शकतं. आर्चमध्ये दुरुस्ती बहुतेकदा नव्या आवृत्तीबरोबरच येते. तिथे सगळेच "त्याला माहीत असेल" म्हणून गप्प बसले तर ते भोक उघडंच राहतं. बीटाचं मात्र मान्य, ते चूकच.

देवगडकर:
एयूआरचा, म्हणजे आर्चच्या मुख्य भांडाराबाहेरच्या, वापरणाऱ्यांच्या भांडाराचा विषय कुणी काढला नाही. तिथे पॅकेजं वापरणाऱ्यांनीच टाकलेली असतात आणि फ्लॅगला खरं वजन आहे: १८० दिवस फ्लॅग तसाच पडून राहिला, तर ते पॅकेज सांभाळणाऱ्याकडून सोडवून घेण्याची विनंती आपोआप मंजूर होते आणि दुसरा कुणी ते दत्तक घेऊ शकतो. सोडून दिलेली पॅकेजं अशीच मार्गी लागतात. फक्त बांधणी फसली म्हणून फ्लॅग करू नका, त्यासाठी प्रतिक्रिया लिहा. आणि नावाच्या शेवटी 'गिट' असलेलं पॅकेज मूळ प्रकल्पात नवे बदल आले म्हणून फ्लॅग करू नका. ते बांधताना ताजा कोड स्वतःच ओढून घेतं.

गाळीव:
एयूआरपुरतं मान्य. मुख्य भांडारासाठी माझी अट राहील: पीकेजीबिल्डमध्ये, म्हणजे पॅकेज बांधायच्या कृतीच्या फाइलीत, आवृत्तीचा आकडा बदला, चेकसम (फाइल तीच आहे ना हे पडताळणारे आकडे) नवे करा, पॅकेज बांधणारी मेकपीकेजी ही आज्ञा चालवा. बांधलं गेलं तर तसं लिहा, अडलं तर कुठे अडलं ते लिहा. मग तुमच्या दोन ओळींचा त्या माणसाला उपयोग आहे.

रानवाट:
ज्याला जमतं त्याने जरूर करावं, मीही करते. पण ही अट सगळ्यांना घालू नका. मागच्या महिन्यात आर्च बसवलेल्या मुलाला मेकपीकेजी येत नसेल, पण सुरक्षेची सूचना वाचून तिचा दुवा चिकटवता येतो. त्याने तो चिकटवावा.