मदत हवी आहे: १२ फुटी बोट ट्रेलरवर नीट बसत नाही, बंक कसे अ‍ॅडजस्ट करायचे? (बडोदा)

नमस्कार मंडळी. बोट, ट्रेलर, फॅब्रिकेशन यातलं कळणारं कुणी असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा, जरा लांबलंय.

आम्ही बडोद्यात कारेलीबागेत राहतो. ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली होती, काळा घोडा पुलाशी धोक्याची पातळी २६ फूट धरतात, म्हणजे काय झालं असेल ते बाहेरगावच्यांनाही समजेल. जरोदला एनडीआरएफची सहावी बटालियन आहे, आर्मी पण आली होती, त्या सगळ्यांनी खूप केलं, पण अर्धं शहर एकदम पाण्यात गेल्यावर प्रत्येक गल्लीत त्यांची बोट कधी पोचणार. तळमजल्यावरचे म्हातारे लोक, कुणाचं डायलिसिस, कुणाचं इन्सुलिन संपलेलं. म्हणून आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांनी वर्गणी काढून एक जुनी एफआरपी (फायबरची) बोट घेतलीय, १२ फुटी, रुंदी साधारण ५ फूट, मागे बाहेरून लटकवायचं ९.९ एचपीचं आउटबोर्ड इंजिन. सोबत ट्रेलर मिळाला तो मात्र दुसऱ्या कुठल्यातरी सपाट बुडाच्या बोटीसाठी बनवलेला आहे हे आता लक्षात येतंय.

ट्रेलरवर दोन लाकडी बंक (बोट ज्यांच्यावर टेकते त्या फळ्या) आहेत, लांबीच्या दिशेने, चारचार इंची अँगलवर बोल्ट केलेले. आमच्या बोटीचं बूड हलकं व्ही आहे आणि बंक एकदम सपाट, त्यामुळे बोट फक्त आतल्या कडेवर टेकते. दोन्ही बंक खूप जवळजवळ आहेत, २० इंचांवर, एका बाजूने हात लावला तरी बोट डुलते. आणि मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची, की बंक मागे ट्रान्समच्या (बोटीची मागची भिंत, जिथे इंजिन लागतं) फूटभर आधीच संपतात. इंजिनाचं सगळं वजन तिथे लटकतंय. बंक जिथे संपतो तिथे बुडाला हात फिरवला तर किंचित खोलगट लागतं, क्रॅक नाहीये.

आमची बोट वर्षातले जवळजवळ सगळे दिवस ट्रेलरवरच उभी राहणार, पाण्यात जाईल ती पूर आला तरच. म्हणजे ट्रेलर हेच तिचं घर, तिथेच बूड वाकडं झालं तर गरजेच्या रात्री काय उपयोग. पावसाळ्याआधी हे काम व्हायलाच हवं.

मकरपुऱ्यातला एक फॅब्रिकेशनवाला म्हणतो अँगल कापून तिरके वेल्ड करून देतो, एका दिवसाचं काम. करून घेऊ का? बंक किती अंतरावर असावेत, किती उंच, लाकूड कुठलं, आणि वर काय लावायचं? फोटो टाकलेत.

प्रतिसाद, अलिबाग

ताई, आधी त्या वेल्डवाल्याला थांबवा. बंकचे सपोर्ट कधीही वेल्ड करून फिक्स करायचे नाहीत, बोल्टवरच ठेवायचे. पहिल्या फटक्यात कुणाचंच बरोबर बसत नाही, बोट एकदा ठेवून, बघून, परत दोन सूत (पाव इंच) वर-खाली करावं लागतं. वेल्ड केलं की मग दरवेळी ग्राइंडर. आणि फोटोत तुमचा ट्रेलर गॅल्वनाइझ्ड दिसतोय, त्यावर वेल्ड मारलं तर तिथलं जस्त जळून जातं, गंज तिथूनच धरतो, शिवाय तो धूर वेल्डरच्या छातीला फार वाईट.

तुम्ही ओळखलेला प्रॉब्लेम बरोबर आहे. बंक ट्रान्समपर्यंत आलेच पाहिजेत, इंच-दीड इंच बाहेर आले तरी चालतील, आत नकोत. मागे इंजिन ४० किलोच्या आसपास, रस्त्यात खड्डा आला की तेच वजन उसळून दणका देतं. बुडात जे खोलगट येतं त्याला आम्ही हुक म्हणतो, बोट मग पाण्यात नाक खाली घालून चालते, वेग घेत नाही. तुमचं किती आहे ते आधी मोजा. बोट उलटी करा (इंजिन काढून सहा-आठ जणांत सहज उचलेल, १२ फुटी एफआरपी सव्वाशे किलोच्या आत-बाहेर असते), जुन्या टायरांवर ठेवा आणि गवंड्याची लांब सरळ अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बुडावर लांबीत धरून खालून उजेड दिसतो का बघा. जेलकोटला (फायबरवरचा गुळगुळीत थर) बारीक केसासारखे तडे असतील तर आधी एफआरपीचं काम, मग बंक.

उलटी केलेलीच आहे तर पुढचंही तेव्हाच करून घ्या. बुडाचा कोन घ्यायचा. जाड पुठ्ठा बुडाला लावून कापत कापत मॅच करा, एक साचा ट्रान्समपाशी, दुसरा जिथे बंकचं पुढचं टोक येणार तिथे. व्ही पुढे जाताना खोल होत जाते, दोन्ही साचे सारखे निघणार नाहीत. म्हणून ब्रॅकेट फिरणारे हवेत, वरचा भाग एका बोल्टवर झुलणारा.

अंतराचं असं की ठरलेला आकडा नसतो. बोटीच्या आत फ्लोअरखाली लांबीला स्ट्रिंगर (बुडाला बळकटी देणाऱ्या पट्ट्या) असतात, बंक बरोबर त्यांच्याखाली आला पाहिजे. लाकडी हातोडीने बुडावर हलकं ठोकत जा, पोकळ आवाज येता येता एकदम भरीव येतो तिथे स्ट्रिंगर, खडूने रेघ मारून ठेवा. ५ फुटी रुंदीला ३० ते ३४ इंचांच्या दरम्यान सापडेल असं वाटतं, पण ठोकूनच ठरवा. बुडावर बाहेरून ज्या उभ्या धारा असतात त्यांच्यावर बंकची कड चढू देऊ नका.

प्रतिसाद, बडोदा (मांजलपूर)

मी रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनियर, बोटीचा अनुभव नाही पण ट्रेलर बरेच बनवून घेतलेत. अलिबागकरांनी सांगितलं त्यात थोडी भर.

सिमेट्री डोळ्याने बघू नका. ट्रेलरच्या कपलरच्या (पुढचं टोक, जे गाडीच्या हिचला जोडतात) मध्यावर सूतदोरी बांधा, मागच्या क्रॉस मेंबरच्या मध्यापर्यंत ताणा, ती झाली सेंटर लाइन. दोन्ही बंक तिच्यापासून सारखे. मग कपलरपासून दोन्ही बंकच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. ट्रेलर त्याआधी पाणसळ लावून सपाट जमिनीवर, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे.

एका बाजूला तीन सपोर्ट घ्या, दोन नकोत. चौकोनी यू-बोल्ट, अर्धा इंची, नायलॉक नट आणि जाड वॉशर. पोकळ सेक्शनवर यू-बोल्ट आवळताना जोर दाखवायचा नाही, पाइप दबतो. आधी सगळे नट हाताने फिरतील एवढेच ठेवा, बोट हळूच टेकवा, बंक आपोआप बुडाच्या कोनात फिरेल, मग मागून पुढे थोडं थोडं करत सगळे आवळा. नंतर बंक आणि बुडामध्ये कागदाची पट्टी घालून ओढून बघायची, जिथे सहज सरकते तिथे टेकलेलं नाही. पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावायचा, लाकूड दबतं आणि बोल्ट ढिले होतात.

आता हिचवरचं वजन. बोट, इंजिन, सामान, ट्रेलर सगळं मिळून तुमचं ३७० किलो धरलं तर पुढे कपलरवर २६ ते ३७ किलो यायला पाहिजे, म्हणजे ७ ते १० टक्के. घरातला वजनकाटा कपलरखाली ठेवून मोजा. कमी आलं तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवतो, भयंकर प्रकार असतो. पण वजन जुळवायला बोट पुढे ओढू नका, ट्रान्सम परत बंकच्या बाहेर किंवा आत जाईल, अ‍ॅक्सल सरकवा. विंच पोस्ट (पुढचा खांब, ज्यावरच्या विंचने बोट ट्रेलरवर ओढतात) सगळ्यात शेवटी जुळवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार, काका तुम्ही तर आमच्याच गावचे निघालात. रविवारी सोसायटीतल्या मुलांना घेऊन बोट उलटी केली. पट्टी लावली तर ट्रान्समपासून फूटभरावर दोन सूत उजेड दिसतो, तडे कुठेच नाहीत. स्ट्रिंगर ठोकून सापडले, ३२ इंचांवर. मकरपुऱ्याच्या माणसाला वेल्ड नको सांगितलं, तो झुलणारे ब्रॅकेट बनवून गॅल्वनाइझ करून देणारे.

लाकडाचं अजून ठरलं नाही. वखारवाला साग सांगतो, महाग आहे. आणि वर कार्पेट की ती एचडीपीईची (टणक, गुळगुळीत प्लास्टिकची) पांढरी पट्टी? आणखी एक, उंची किती कमी करता येईल? पुराच्या पाण्यात मगरी असतात, २०२४ ला त्या रस्त्यांवर आणि घरांच्या आवारात आल्या होत्या, त्यामुळे छातीएवढ्या पाण्यात उभं राहून कुणी बोट ढकलायची नाही असं आमचं ठरलंय. ट्रेलर कमीत कमी पाण्यात मागे घेऊन बोट सुटली पाहिजे.

प्रतिसाद, अलिबाग

दोन सूत फार नाही ताई. आधार नीट मिळाला की कधी कधी थोडं परत येतं, नाही आलं तरी ९.९ वर चालून जाईल.

साग घ्या, दोन बाय चार, चार इंचाची बाजू वर. आडवी ठेवली की फळी थोडी वाकून बुडाशी जुळते, उभी ठेवली तर कडक राहते. केमिकल ट्रीटमेंटचं लाकूड तुमच्या एफआरपीला चालतं, पण तांबं असलेल्या ट्रीटमेंटचं लाकूड अ‍ॅल्युमिनियमच्या बोटीखाली कधीच नको, पत्र्याला भोकं पडतात. हे लिहितोय कारण धागा वाचून कुणीतरी अ‍ॅल्युमिनियमवाला तेच घेईल.

कार्पेट दाट सिंथेटिक, मागे फोम किंवा ताग नसलेलं. मंडपवाल्यांचं पातळ कार्पेट नको, एका पावसाळ्यात चिंध्या होतात. स्टेपल स्टेनलेसच्या आणि फळीच्या बाजूला, वरच्या तोंडाला एकही नाही. फळी ब्रॅकेटला खालून स्क्रू करा आणि स्क्रूची लांबी मोजून घ्या, वर टोक आलं तर बूड चिरतं.

तुमच्या मगरीच्या कारणासाठी एचडीपीई खरंच विचार करण्यासारखी आहे. त्यावरून बोट फार कमी जोरात सरकते, ट्रेलर थोडाच बुडवला तरी दोन जण दोरीने ओढून सोडतील. पण तोच तिचा धोका. विंचचा पट्टा आणि सेफ्टी चेन बोट पाण्याला लागेपर्यंत काढायची नाही, आणि मागे ट्रान्समला दोन पट्टे नेहमी. उतारावर मोकळी सोडलेली बोट एचडीपीईवरून थेट डांबरावर येते. बंकवर सिलिकॉन स्प्रे वगैरे कुणी सुचवलं तर ऐकू नका.

उंची जितकी कमी तितकं चांगलं, फक्त कील (बुडाची मधली सगळ्यात खालची धार) आणि अ‍ॅक्सलमध्ये ३ इंच तरी राहू द्या. कमानी दबतात तेव्हा अ‍ॅक्सल वर येतो.

प्रतिसाद, बडोदा (मांजलपूर)

एक फार महत्त्वाचं राहिलं. बोट उघड्यावर उभी राहणार आहे ना? मागचा ड्रेन प्लग (पाणी काढायचं बूच) काढून ठेवा आणि ट्रेलरचं पुढचं आधाराचं चाक खाली फिरवून नाक थोडं उंच. हिशोब बघा, बोटीचं वरचं तोंड ४ चौरस मीटर धरलं तर १०० मिलिमीटर पावसात ४०० लिटर पाणी, म्हणजे ४०० किलो. बोटीच्या तिप्पट वजन बंकवर, आणि ते सगळं मागे. आपल्याकडे एका दिवसात याहून जास्त पडतो हे तुम्ही बघितलंय. ताडपत्री टाका पण ताडपत्रीतही पाणी साठतं, मध्ये आडवा बांबू घालून उतार द्या. आणि काढलेला प्लग इंजिनाच्या किल-स्विचच्या (इंजिन लगेच बंद करायचा स्विच) दोरीलाच बांधा, घाईत बोट प्लगशिवाय पाण्यात जाऊ नये.

लाइफ जॅकेट किती आहेत ते लिहिलं नाही तुम्ही. हरणी तलावात शाळेच्या मुलांची बोट उलटली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. बोटीत जेवढे बसतील तेवढी जॅकेट, एकही कमी नको, आणि फायर ब्रिगेडला तुमच्या बोटीची माहिती आधीच देऊन ठेवा.

धागाकर्ती

जॅकेट आहेत काका, लहान मुलांच्या मापाची वेगळी घेतलीत. माणसांची मर्यादा बोटीवर दोन्ही बाजूंना रंगवून घेणार आहोत. फायर ब्रिगेडकडे अर्ज या आठवड्यात देतो.

सगळ्यांना विचारून एचडीपीई ठरवली, खाली साग. एकच अडतंय. बंक ३२ इंचांवर नेऊन उंची खाली आणली तर बोटीची बाजू आणि मडगार्डमध्ये फक्त दीड इंच राहतंय. चालेल का, की परत वर घेऊ?

प्रतिसाद, अलिबाग

मडगार्ड चेसिसला बोल्ट केलंय की अ‍ॅक्सलला?

धागाकर्ती

चेसिसला. आत्ता खाली जाऊन बघून आले.

प्रतिसाद, अलिबाग

मग दीड इंच पुरे. बोट आणि मडगार्ड दोन्ही चेसिसबरोबरच हलतात. अ‍ॅक्सलला असतं तर वर घ्यायला लावलं असतं. फक्त टायर आणि मडगार्डच्या मध्ये किती जागा आहे ते बोट ठेवून, आत चार माणसांएवढं वजन टाकून एकदा मोजा. ब्रॅकेट बसले की फोटो टाका, मागचं टोक आणि ट्रान्सम एकाच फोटोत दिसेल असा.