प्रतिसाद: बाहिया दे लोस आन्हेलेसचा कॅम्प

डिसेंबरच्या सुट्टीत सॅन डिएगोहून गाडीने मेक्सिकोतल्या बाहिया दे लोस आन्हेलेसला जाऊन मासेमारीसाठी किनाऱ्यावर राहायचं म्हणताय. जागा उत्तमच, पण महिना बदला असं कळकळीने सांगेन. हिवाळ्यात तिथल्या कॉर्तेझच्या समुद्रावर उत्तरेचा वारा सुटला की दोन-तीन दिवस थांबत नाही आणि छोट्या पांगा होड्या बाहेरच पडत नाहीत. यलोटेल माशासाठी मे-जून बघा.

कॅम्प निवडताना फोटोतल्या झावळ्यांच्या छपराला भुलू नका. ते सावलीसाठी असतं, वारा त्यातून आरपार जातो. मी आधी विचारेन ते हे: होडी आणि नावाडी तिथलाच आहे का, आणि मासे ठेवायला बर्फ मिळतो का? पंचतारांकित सोयी नसल्या तरी चालेल, पण गावातला जुना नावाडी हवाच. कुठल्या बेटाच्या आडोशाला मासा लागतो आणि परत कधी फिरायचं, हे त्यालाच कळतं.

पिण्याचं पाणी भरपूर न्या, तो वाळवंटी मुलूख आहे. वाटेतल्या एल रोसारियो गावात पेट्रोलची टाकी भरून घ्याच, पुढे फार लांबपर्यंत पंप नाही.

मासेमारीच्या परवान्याचंही लक्षात ठेवा. किनाऱ्यावरून गळ टाकायला तो लागत नाही, पण मासेमारीचं सामान असलेल्या होडीत बसणाऱ्या प्रत्येकाकडे हवा. दिवसाला माणशी १० मासे, त्यात एका जातीचे ५ पेक्षा जास्त नाहीत. तोतोआबा हा मासा मात्र संरक्षित आहे, चुकून लागला तर लगेच पाण्यात सोडा.