मधुभाऊ सुटले, आपलं कन्व्हेयन्स कधी?

वैशाली काकू, बी-204: काल रात्री आमच्या विंगची लाईट गेली. 'ठरलं तर मग'मध्ये काय झालं, कुणी सांगेल का? आणि सेक्रेटरी, जनरेटरवर फक्त लिफ्ट चालते, टीव्ही नाही, याचा कधी तरी विचार व्हावा.

प्रथमेश, सी-302: काकू, तुमचं काही चुकलं नाही. बेल वाजली, सगळ्यांनी दाराकडे बघितलं, ढॅण ढॅण ढॅण, उरलेलं आज.

वैशाली काकू, बी-204: म्हणजे तू पण बघतोस!

प्रथमेश, सी-302: आई बघते. मी तिथे जेवतो फक्त.

प्रथमेशची आई, सी-302: जेवण झाल्यावर पण तासभर तिथेच बसतो. 'मग ती प्रिया पकडली गेली का?' हे मला ऑफिसातून मेसेज करून कोण विचारतं?

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी वापरावा. उद्या सकाळी 10 ते 1 टाकी धुणार आहेत. पाणी भरून ठेवावे.

वैशाली काकू, बी-204: भरलं. आता खरं सांगा लोकहो, मालिका संथ आहेत म्हणून आपण वैतागतो का? मला नाही तसं वाटत. मी तर मुद्दाम संथ म्हणूनच बघते. पोळ्या करता करता कानावर पडलं पाहिजे. माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने. कालपर्यंत शहाणी असलेली बाई आज अचानक बावळट होते. का, तर तिला अक्कल आली तर गोष्ट संपेल!

सुनंदा आजी, ए-101: अगदी बरोबर बोललीस. मी 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत बघितली आहे. 3000हून जास्त भाग. संथपणाला कोण घाबरतं? एका वाक्याला कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या तरी माझी हरकत नाही. पण दाराआडून सगळं ऐकलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी 'मला काहीच ठाऊक नाही' असं तोंड करू नये.

अनघा, ए-504: मी वकील असल्यामुळे 'ठरलं तर मग'मधल्या मधुभाऊंची खुनाची केस नको तितक्या बारकाईने बघितली. आपल्याकडे न्यायाधीश हातोडा आपटत नाहीत. 'ऑर्डर ऑर्डर' मी कोर्टात एकदाही ऐकलेलं नाही. गीतेवर हात ठेवून शपथ घेत नाहीत. आणि ते नायक-नायिकेच्या लग्नाचं कॉन्ट्रॅक्ट, ज्याच्या जिवावर सगळी मालिका उभी आहे, त्या कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही. एकदा लग्न झालं की झालं. मोडायचं तर रीतसर घटस्फोट, तो संमतीने घ्यायचा तरी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं.
पण गंमत म्हणजे हे सगळं मी सोडून देते. खोटं कोर्ट चालतं मला. चालत नाही ते हे, की नायक अर्जुन सुभेदार म्हणे शहरातला हुशार वकील. साक्षीदाराच्या पापणीवरून खोटं ओळखणारा. आणि स्वतःच्या डायनिंग टेबलवर रोज खोटं बोलणारी प्रिया त्याच्या ताटासमोर बसते तरी किती काळ ते त्याला उमगत नाही. हातोडा सेटवाल्यांनी आणला. ही दुसरी गोष्ट मात्र लेखकाने केलेली आहे.

ज्योत्स्ना ताई, बी-603: मालिका सुरू झाली डिसेंबर 2022 मध्ये आणि मधुभाऊ निर्दोष सुटायला 2025 उजाडलं. खून खटल्याच्या मानाने लवकरच म्हणायचं ना अनघा?

अनघा, ए-504: खूपच लवकर 😂

देसाई काका, ए-302: मधुभाऊ सुटले, आपलं डीम्ड कन्व्हेयन्स कधी, जमीन सोसायटीच्या नावावर कधी होणार? अर्जुन सुभेदारांना वकीलपत्र द्या.

सेक्रेटरी: देसाई साहेब, तारीख पडली आहे. मागच्या सभेत सांगितले होते. आपण नव्हता.

वैशाली काकू, बी-204: कॉन्ट्रॅक्टच्या लग्नावरून आठवलं. 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' याच विषयावर होती की. घना आणि राधा, स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. 2012 मध्ये जानेवारीत सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली पण. खोटं लग्न, मग गुंता, मग घरच्यांना कळणं, मग रुसवेफुगवे, सगळं झालं. घरातली माणसं वेडी नव्हती, त्यांना संशय यायचा. त्यातून तर मजा यायची! लपवणारा हुशार, शोधणाराही हुशार. आता लपवणारा ढ असतो आणि शोधणारा त्याहून ढ.

प्रथमेश, सी-302: तेजसदादाला टॅग करा कुणीतरी. तो मालिकांच्याच एडिटला आहे. त्याला विचारा तीन वेळा ढॅण ढॅण का करतात.

तेजस, सी-401: आलो. कुठल्या मालिकेला आहे ते विचारायचं नाही, या अटीवर सांगतो.
अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती गेल्या की 22 मिनिटांच्या आसपास उरतात. त्यात 'मागील भागात' आणि 'पुढील भागात' घाला. आठवड्याला सहा भाग, कधी सात. तयार भागांची बँक पंधरा दिवसांची असावी असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात कित्येकदा आज जे बघताय ते परवा शूट झालेलं असतं. मग एखाद्या दिवशी मजकूर 19 मिनिटांचाच भरतो. उरलेली 3 मिनिटं कुठून आणू? प्रत्येकाचा चेहरा तीनदा.
सगळं कुटुंब हॉलमध्ये ओळीने उभं का असतं, हेही काकूंनी मागे विचारलं होतं. कलाकारांचे पैसे दिवसावर असतात. सगळे एका दिवशी बोलावले की हॉलमधले दहा सीन एका दमात होतात. बेडरूमचे सीन दोघांत. स्वयंपाकघरात दोन बायका आणि एक कान देणारी. घरातलं कुणी आजारी पडलं किंवा गावाला गेलं की समजा, त्या कलाकाराच्या तारखा नाहीत.
आता अक्कल जाण्याबद्दल. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे किती लोकांनी काय बघितलं ते मोजणाऱ्या संस्थेचे, आकडे येतात. गुपित फुटलं तर आकडा एकदाच वर जातो. 'फुटेल, फुटेल' हे मात्र रोज विकता येतं. लेखक बिचारा काय करणार? ज्याला कळायला हवं त्यालाच झोपवतो. गोष्ट कुठवर न्यायची हे लिहिणाऱ्याला शेवटपर्यंत माहीत नसतं, कारण ती कधी संपणार हेच कुणी ठरवलेलं नसतं.

देसाई काका, ए-302: म्हणजे दोष आमचाच. आम्ही बघतो म्हणून.

तेजस, सी-401: तसं नाही काका. पण 2020 मध्ये सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' होती. फुल्यांवरची, मनापासून केलेली. सगळे म्हणाले छान आहे. बघितली किती जणांनी? वर्ष संपायच्या आत बंद करावी लागली.

वैशाली काकू, बी-204: माझ्याकडे बघू नकोस, मी बघत होते. माझ्या घरी आकडे मोजायचा डबा बसवला नाही त्याला मी काय करू?

सुनंदा आजी, ए-101: मी थोडं मोठं लिहिते, नात टाइप करून देते आहे. 'आई कुठे काय करते' मी पहिल्या दिवसापासून, म्हणजे डिसेंबर 2019 पासून बघितली. मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमयी'. त्याच गोष्टीवरून हिंदीत 'अनुपमा' निघाली. पण मला आपलीच आवडायची, कारण मधुराणी प्रभुलकरची अरुंधती ओरडायची नाही. आणि तिचा नवरा अनिरुद्ध राक्षस नव्हता. तसे पुरुष प्रत्येक मजल्यावर एक सापडतील, नावं घेत नाही. पहिली दीड-दोन वर्षं रोज वाटायचं की हे कुणीतरी स्वयंपाकघरात बसून लिहिलंय. मग तिने आशुतोषशी लग्न केलं. आमच्या कट्ट्यावरच्या दोघींनी नाकं मुरडली, सुना-नातवंडांच्या वयात म्हणून. मला आनंद झाला. माझ्या आयुष्यात टीव्हीवर असं बघितलं नव्हतं. आणि पुढे काय केलं? त्या आशुतोषला मारून टाकलं. बाई पुन्हा त्याच जुन्या सासरी, देशमुखांच्या घरात त्यांचे प्रश्न सोडवायला हजर. एवढं धाडस करून परत जागेवर आणून बसवायचं होतं तर उठवली कशाला? त्या आठवड्यात मी ती बघणं सोडलं.

अनघा, ए-504: आजी 🙏

ज्योत्स्ना ताई, बी-603: आजींना माझे दोन्ही हात. हे बावळट करण्याहून वाईट. तिथे निदान पात्र विसरतं, इथे लेखकच विसरला.

प्रथमेशची आई, सी-302: मी सध्याच्यातलं एक चांगलं सांगू? 'लक्ष्मी निवास'मधला जयंत. आवाज चढवत नाही, दात-ओठ खात नाही, गोड बोलतो आणि बायकोला घरात कोंडतो. मेघन जाधवने काय केलंय ते काम! आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीने मला सांगितलं की ते बघून तिला स्वतःच्या साखरपुड्याबद्दल शंका आली. तिने मोडला. आणि तुषार दळवी, हर्षदा खानविलकर यांचं स्वतःच्या घराचं स्वप्न. पैसे कुठून येणार, किती कमी पडतात, कुठला मुलगा हात वर करणार, हे सगळं आपल्याला कळतं.

देसाई काका, ए-302: पैशावरून बोलायचं तर बाकी सगळ्या मालिकांत एकच धंदा आहे, 'टेंडर'. कंपनी बनवते काय हे कुणालाच माहीत नाही. एक फाईल असते, ती खलनायिका चोरते, आणि करोडोंचं नुकसान. मी 34 वर्षं पीडब्ल्यूडीत होतो. टेंडर असं नसतं हो.

प्रथमेश, सी-302: काकांनी मालिका लिहावी, 'अनामत रक्कम परत मिळेल का?'

ज्योत्स्ना ताई, बी-603: आता माझं दुखणं ऐका. भाषा. गावाकडची मालिका म्हटली की सातारा-कोल्हापूर वाटून एकच चटणी. नायिका विदर्भातली म्हणतात आणि 'काय करून राहिली' एवढं दोनदा बोलवून घेतात. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिकाचं आम्ही नागपूरकरांनी कौतुक केलं होतं, कारण तेवढं तरी कुणी केलं. पण आमच्याकडे नुसत्या क्रियापदात बोलत नाही जी, हेल असते, टोमणा असते, सावजीचा ठसका असते.

सावंत काका, बी-101: 'रात्रीस खेळ चाले' बघा म्हणान सांगतंय. अण्णा नाईक बोलता ता आमच्या घरातला वाटता. आकेरीक लोक गाडये करून तो वाडो बघूक येयत. अण्णाक कोणी चांगलो करूचो प्रयत्न करूक नाय, म्हणान तो लक्षात रवलो.

वैशाली काकू, बी-204: सावंत काका, अण्णांची शेवंता बदलली तेव्हा मात्र मन नाही लागलं हो. तिसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर मध्येच सोडून गेली.

ज्योत्स्ना ताई, बी-603: 'प्रेमाची गोष्ट'चं तसंच. तेजश्री प्रधान मालिका सोडून गेली आणि माझ्यासाठी तिची मुक्ता संपली. स्वरदा ठिगळेने मेहनत केली, तिचा दोष नाही.

सुनंदा आजी, ए-101: पण 'ठरलं तर मग'मधली नवी पूर्णा आजी चालली ना सगळ्यांना? ऑगस्ट 2025 मध्ये ज्योती चांदेकर गेल्या तेव्हा मला वाटलं, आता ते पात्रच नको. मग रोहिणी हट्टंगडी आल्या. तिथे मनाने लगेच स्वीकारलं, कारण कुणी रागावून सोडून गेलं नव्हतं, माणूसच गेलं होतं. आणि आलेली बाईही तेवढीच मोठी. शिवाय 'चार दिवस सासूचे'पासून मी तिला घरचीच धरते.

तेजस, सी-401: आजी, तुम्ही चॅनेलच्या मीटिंगला या. तिथे एवढं स्पष्ट कुणी बोलत नाही.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, विषय थांबवावा. वार्षिक सभा येत्या रविवारी रात्री 8 वाजता गच्चीवर. विषयपत्रिका नोटीस बोर्डवर. गणपूर्ती व्हावी.

वैशाली काकू, बी-204: रविवारी महाएपिसोड आहे.

प्रथमेशची आई, सी-302: हो, दोन तासांचा.

देसाई काका, ए-302: मी येईन. एकटा.

सेक्रेटरी: सभा सायंकाळी 5 वाजता.

सुनंदा आजी, ए-101: प्रथमेश, तुझी आई म्हणत होती, मोबाईलवर दहा-दहा सेकंद पुढे ढकलता येतं. ते बटण कुठे असतं ते उद्या येऊन दाखव. जाहिराती पण ढकलता येतात का?

प्रथमेश, सी-302: नाही आजी, त्या बघाव्याच लागतात. येतो उद्या, पण 10 ते 1 नको, पाणी नाही.